वाढवलेल्या बांगड्या

“नारळ तुमच्याच हस्ते वाढवायचा, असं समितीनं एकमतानं ठरवलंय,” प्राध्यापक बोकील म्हणाले.

“वाढवायचा म्हणजे काय करायचं?”

ते जरा गोंधळले, मग हसले. “म्हणजे... फोडायचा.”

“मग फोडायचा म्हणा की. वकिलाच्या घरी आलाय तुम्ही, देवळात नाही.”

त्यांनी हसू आवरतं घेतलं आणि चहाचा कप उचलला. मी त्यांना तो द्यायलाच नको होता, पण आईनं आतून पाठवला. पाहुणा कोणत्या कामासाठी आलाय हे तिला ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. साताऱ्यात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑफिस होतं. बोकील कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात चित्रकलेवर लेख लिहायचे. शहरात नवं कलादालन बांधून तयार झालं होतं आणि त्याला चित्रकार विश्वंभर हर्डीकरांचं नाव द्यायचं घाटत होतं. हर्डीकर आमच्याच जिल्ह्यातले. पुढे मुंबईत नावारूपाला आले, पार दिल्लीपर्यंत सत्कार झाले. मधली काही वर्षं ते येरवड्याला होते, पण तिथे ते निसर्गचित्रं काढायला गेले नव्हते. माझी थोरली बहीण कुमुदअक्का ही त्यांची बायको. रंग घोटायच्या बत्त्यानं त्यांनी तिचं डोकं फोडलं होतं.

आता तोच हर्डीकर पंच्याहत्तरीला आला होता आणि गावाला एकाएकी त्याचा उमाळा दाटून आला होता.

“समारंभाला तुम्ही आलात तर एक वर्तुळ पूर्ण होईल, टेंबेबाई,” बोकील म्हणाले. “आणि हे चित्र. हे चित्र नसेल तर दालनाला अर्थच नाही.”

त्यांनी मान वळवली. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर अक्का होती. हिरव्या काठाचं लुगडं, पाटावर बसलेली, हात मांडीवर एकावर एक, दोन्ही मनगटांत हिरव्या बांगड्या पार भरलेल्या, नजर समोर. चित्राचं नाव ‘चुडा’. पुण्याच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. ते पदक आलं त्याच महिन्यात अक्का गेली. प्रदर्शन संपल्यावर चित्राची पेटी परत आली तेव्हा कराडच्या त्यांच्या बिऱ्हाडाला पोलिसांनी कुलूप घातलं होतं, म्हणून ती आमच्या पत्त्यावर आली. बाबांनी ती उघडली आणि तिथंच फरशीवर बसले. पुढे हर्डीकर सुटून आला, त्यानं चित्राची मागणी करणारी पत्रं पाठवली. बाबांनी ती बंबात घातली.

चित्र का ठेवलं, असं मला अनेकांनी विचारलंय. उत्तर साधं आहे. अक्काचा दुसरा चेहराच आमच्याकडे नव्हता. लग्नातला एक ग्रुप फोटो होता, त्यात ती हलली होती. सगळे गंभीर होऊन उभे आणि मधोमध नवरीच्या चेहऱ्याच्या जागी एक पांढुरका फराटा. ती तशीच होती. एका जागी बसली तर शपथ. जेवतानासुद्धा तिचा एक गुडघा हलत असायचा आणि आई तिला ओरडायची. तेव्हा तिचं तोंड बघायचं तर आम्हाला तिच्या खुन्याच्याच हातचं बघावं लागायचं. रोज. आणि आम्ही बघत होतो.

“केवढी स्थिरता आहे पाहा,” बोकील चित्राकडे बघत म्हणाले. “एखादी बाई इतकी शांत बसलेली मी दुसऱ्या कुठल्याच चित्रात पाहिली नाही.”

मी समोरची फाईल मिटली.

“तुमच्या भावना मी समजू शकतो. पण कलेचा इतिहासच असा आहे, बाई. इटलीत एक चित्रकार होऊन गेला, त्यानं एका भांडणात माणूस मारला आणि आयुष्यभर पळत राहिला. आज त्याच्या चित्रांपुढे लोक रांगा लावतात. एक सोनार-शिल्पकार होता, त्यानं केलेले खून त्यानं स्वतःच मोठ्या ऐटीत लिहून ठेवलेत. आणखी एक शिल्पकार, देवासारखा हात त्याचा, त्यानं आपल्या प्रेयसीच्या चेहऱ्यावर नोकराकरवी वार करवले. तिचा त्यानं केलेला पुतळा अजून आहे. आपण काय करायचं, तो पुतळा फोडायचा?”

“तिचं नाव काय?”

“कुणाचं?”

“त्या बाईचं. जिच्या तोंडावर वार झाले.”

“ते... आत्ता लक्षात नाही.”

“शिल्पकाराचं आहे ना लक्षात?”

“त्याचं कसं विसरेन?”

“तेच म्हणते मी.”

बोकील वाईट माणूस नव्हते, एवढं म्हणायला हवं. वाईट माणसांशी माझी रोजची गाठ असते, मला फरक कळतो. ते कौतुकानं आंधळे झाले होते, आणि अशा माणसाला समजावणं खुन्याला समजावण्यापेक्षा अवघड जातं. त्यांनी बॅगेतून एक पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. समारंभात वाटायची होती. मुखपृष्ठावर अक्का.

“यात मी त्या प्रकरणाला बगल दिलेली नाही,” ते अभिमानानं म्हणाले. “मुद्दाम कोर्टातून निकालपत्र मिळवून वाचलं. सगळं न्यायाधीशांच्या शब्दांत दिलंय. उगाच कुणी म्हणायला नको की आम्ही त्यांना पाठीशी घातलं.”

“वाचून दाखवा.”

त्यांनी चष्मा लावला. “‘पत्नीवर त्यांचं उत्कट प्रेम होतं. तिच्या बांगड्यांत ते वरचेवर भर घालत असत, हे तिच्या आईनंही साक्षीत मान्य केलं आहे. मात्र त्या दुर्दैवी दुपारी पत्नीनं त्यांच्या कलेचा अपमान केला, एक रेखाटन टरकावलं, आणि कलावंताचा तोल क्षणभर सुटला.’”

“बांगड्यांत भर घालत असत,” मी म्हणाले. “हे मराठी तुमचं?”

“मूळ इंग्रजीत आहे. की, त्यानं तिच्या बांगड्यांची संख्या अनेकदा वाढवली. मी जरा ललित केलं.”

त्या क्षणी माझ्या पायाखालून काही सरकलं नाही. ते वाक्य मला पाठ होतं. त्या वाक्यासाठी मी वकील झाले.

खटला चालला तेव्हा गुजरात आणि महाराष्ट्र एकच राज्य होतं. सेशन जज्ज तिकडचे होते, सज्जन, कामाला वाघ, पण मराठी बेताचं. साक्ष मराठीत व्हायची आणि ते ती इंग्रजीत टिपून घ्यायचे. मी तेव्हा परकरी मुलगी, बाबांच्या शेजारी बाकावर बसलेली. आई पिंजऱ्यात उभी होती, पदर डोक्यावर. तिला विचारलं, मुलीला जाच होता का? ती म्हणाली, “होता. माहेरी आली की हात रिकामे असायचे. बांगड्या वाढलेल्या असायच्या.”

आई बांगडी ‘फुटली’ म्हणायची नाही. आमच्या घरात कुणीच म्हणायचं नाही. सवाष्णीच्या बांगडीला तो शब्द लावायचा नसतो. बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढतं, दिवा वाढतो, नारळ वाढतो. अभद्र तेवढं सगळं आमच्या भाषेत वाढतं. पोरगी मरून गेली होती, तरी तिच्या बांगडीला आईच्या तोंडून तो शब्द फुटेना.

आरोपीचा वकील साताऱ्याचाच होता. त्याच्या घरातही बांगड्या वाढतच असणार. त्याला अर्थ कळला नाही असं मी मरेपर्यंत मानणार नाही. तो उठला आणि अगदी गोड आवाजात त्यानं विचारलं, “म्हणजे जावयानं बांगड्या वाढवल्या?”

“होय,” आई म्हणाली.

“एकदाच, की अनेकदा?”

“अनेकदा.”

“त्यानं स्वतःच्या हातानं?”

“होय हो, त्यानंच,” आई म्हणाली आणि रडायला लागली. तिला वाटलं, सांगितलं एकदाचं. हात रिकामे असायचे हे मागेच राहिलं, जज्जसाहेबांनी मान हलवून तेवढंच टिपून घेतलं. सरकारी वकील कागद चाळत होता. खाली बसलेला कारकून एकदा वर बघून परत खाली बघू लागला. साहेबाची चूक दाखवायची कुणी?

प्रेमळ नवरा, क्षणिक संताप, सदोष मनुष्यवध. फाशी नाही, जन्मठेपही नाही. अपिलात बाबांनी जंग जंग पछाडलं, पण कागदावर जे होतं ते होतं. आईला त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ कुणीतरी समजावून सांगितला. त्या दिवसापासून तिनं पुढच्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं. चित्र तिथं होतं ना. ज्या मुलीला आपण आपल्या तोंडानं बुडवलं तिच्यासमोर कसं जायचं, असं ती म्हणायची.

हे सगळं मी बोकीलांना थोडक्यात सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण हात पुस्तिकेवरच राहिला.

“हा... हा अर्थ शक्य आहे,” ते म्हणाले. “पण बाई, वाढवणं म्हणजे भर घालणंही होतंच की. तुम्ही बहीण आहात, तुम्ही तुमच्या बाजूनं अर्थ लावणार. पुरावा काय? उलट हे बघा ना.” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. “ती शेवटच्या महिन्यांतली आहे. दोन्ही हात कसे भरलेत! जाच होत असता, बांगड्या फुटत असत्या, तर चित्रात दिसलं नसतं? हर्डीकर जे दिसतं ते काढतात. त्यांची ख्यातीच ती आहे. चित्र खोटं बोलत नाही.”

“हर्डीकर कुठे उतरलेत?”

बोकील चुळबुळले. “खरं म्हणजे... बाहेर गाडीत बसलेत. तुमची परवानगी असेल तरच येतील म्हणाले.”

“बोलवा त्यांना.”

“तुम्ही चित्र देणार?”

“बोलवा तर.”

दालनाला कुणाचं नाव देतात याच्याशी मला काही कर्तव्य नव्हतं. गावानं हवं त्याचे पुतळे उभारावेत. पण अक्काचा एकुलता एक चेहरा त्या पुस्तिकेसकट त्याच्या नावाखाली टांगला, की ती कायमची लाडक्या नवऱ्याशी भांडून मेलेली बाई होणार होती. मला एकच गोष्ट हवी होती. त्यानं तिला छळलं हे एकदा, परक्या माणसासमोर, त्याच्याच तोंडून निघायला हवं होतं. माझ्या तोंडून निघून उपयोग नव्हता, आईच्या तोंडून निघून तर वाटोळं झालं होतं.

तो आला. काठी, पांढरीशुभ्र दाढी, खादीचा सदरा. म्हातारपण माणसाला उगाच साजरं करतं. माझ्याकडे त्यानं ओझरतं पाहिलं आणि सरळ चित्रासमोर जाऊन उभा राहिला.

“वॉर्निश पिवळं पडलंय,” तो म्हणाला. “इथे ऊन येतं का? चित्राला ऊन लागू द्यायचं नसतं, उषे.”

“अ‍ॅडव्होकेट टेंबे म्हणा.”

“तू कराडला यायचीस तेव्हा ब्रश धुवून द्यायचीस मला. भावोजी भावोजी करत मागे असायचीस.”

“तेव्हा मला कळत नव्हतं. बसा.”

तो बसला नाही. चित्रापासून त्याची नजर हटत नव्हती, आणि ती नजर बायकोकडे बघणाऱ्याची नव्हती. शेतकरी आपल्या जुन्या बैलाकडे बाजारात बघतो, तसा बघत होता.

“काय बोलायचं ते बोलून घे,” तो म्हणाला. “मी शिक्षा भोगली आहे. कायद्याचं देणं फिटलं. तू कायदेवाली आहेस, तुला माहीत आहे, एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा होत नाही.”

“माहीत आहे. मी शिक्षेचं बोलतच नाहीये. चित्राचं बोलू.”

बोकीलांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

इतकी वर्षं उलटतपासणी घेऊन मी एक गोष्ट शिकले आहे. खोटारड्या माणसाला घाबरवून काही मिळत नाही, तो अंग चोरून बसतो. त्याचा अभिमान दुखवावा, मग तो आपण होऊन बोलतो.

“प्राध्यापक म्हणतात, हे तुमचं सर्वोत्तम चित्र,” मी म्हणाले. “मला चित्रातलं कळत नाही. पण रोज समोर असतं म्हणून सांगते. चेहरा चांगला आहे. लुगडं बरं आहे. हात मात्र कच्चे आहेत.”

हर्डीकरनं मान वळवली. “काय आहेत?”

“कच्चे. त्या बांगड्या बघा. कुठल्याही गोलाईला धरून नाहीत. मनगट एकीकडे आणि बांगड्या भलतीकडे. माझ्या अशिलाचा पोरगा शाळेच्या परीक्षेत असल्या बांगड्या काढतो. हिरवा रंगही कसा नुसता थापलाय. हात जमत नाहीत तुम्हाला. कित्येकांना जमत नाहीत म्हणे.”

“बाई,” बोकील घाईनं म्हणाले, “हा तांत्रिक विषय आहे—”

“तुम्ही गप्प बसा,” हर्डीकर त्यांच्यावर खेकसला. त्यानं काठी फरशीवर आपटली. “हात जमत नाहीत? मला? अख्ख्या हिंदुस्थानात असा हात कुणी काढलेला नाही, जसा तिथे आहे.”

“कुठे? मला तर दिसत नाही.”

“खाली आहे!”

आतल्या स्टोचा आवाज तेवढा येत होता.

“कशाच्या खाली?” बोकीलांनी विचारलं.

“बांगड्यांच्या. त्या नंतर घातल्यात. प्रदर्शनाला पाठवायच्या आदल्या दिवशी, वॉर्निशवर, घाईत. त्या बांगड्यांना मी माझं काम मानत नाही.” तो माझ्याकडे वळला. “स्पिरिट आहे घरात? आणि कापूस?”

“स्टोचं आहे.”

“चालेल. आण.”

मी स्वयंपाकघरात गेले. आई स्टोपुढे बसली होती. “कोण ओरडतंय गं?” तिनं विचारलं. मी म्हणाले, “अशील आहे.” स्पिरिटची बाटली आणि देवाच्या वातींचा कापूस घेऊन मी बाहेर आले.

हात खोटे आहेत हे मला पहिल्यापासून माहीत होतं, कारण मी ते चित्र होताना बघितलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी कराडला होते. अक्का पाटावर बसायची आणि तिचे हात उघडे असायचे. पेटीतून चित्र आलं आणि त्यात बांगड्या दिसल्या, तेव्हा मी बाबांना सांगितलं होतं. बाबा म्हणाले, पोरीला धक्का बसलाय. पुढे मोठी झाले, पण चित्राला हात लावायची हिंमत झाली नाही. माझ्या हातून चेहरा पुसला गेला असता तर?

हर्डीकरनं चित्र भिंतीवरून काढून टेबलावर आडवं ठेवायला लावलं. काठी बाजूला टाकली. इतका वेळ काठीच्या आधारानं असलेला हात कापूस धरताच स्थिर झाला. तो वरच्या मनगटावर हळूहळू, गोल गोल कापूस फिरवू लागला. हिरवा सुटला, मग त्याखालचा पिवळट थर सुटला, कापूस शेवाळासारखा झाला. त्यानं तो टाकला, दुसरा घेतला. बोकील टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून वाकले होते.

खालून अक्काचं मनगट वर आलं.

त्या हाताचं वर्णन मला करता येत नाही. खरोखरीचा हात होता तो, कातडीखालून शीर दिसणारा. आणि मनगटावर, जिथे बांगड्यांची रांग असते तिथे, आडवे बारीक चिरे होते. काही सुकलेले, तपकिरी. दोन ताजे, लाल, कडा किंचित उचललेल्या. एका चिऱ्यात हिरव्या काचेचा कण अडकलेला होता. तोही त्यानं काढला होता.

“बघ,” हर्डीकर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते अक्कासाठी भरले नव्हते. “बघ तो लाल. तो लाल मला परत कधी साधला नाही.”

“या जखमा कशाच्या?” बोकीलांनी विचारलं.

“कशाच्या म्हणजे? बांगड्या वाढल्या होत्या.”

“प्राध्यापकांना हा शब्द नीट कळत नाही,” मी म्हणाले. “सोप्या मराठीत सांगा. बांगड्यांचं काय झालं होतं?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आपण कुठे येऊन उभे आहोत हे त्याला तेव्हा कळलं असावं. पण हात अजून चित्रावर होता आणि चित्रापुढे त्याला खोटं बोलता येत नव्हतं. तेवढी एक गोष्ट त्याच्यात खरी होती.

“फुटल्या होत्या.”

“आपोआप?”

“ती हलायची,” तो म्हणाला. “तुला माहीत आहे ती कशी होती. मिनिटभर बसायची नाही. मी प्रकाश पकडायचा, चेहरा पकडायचा, की ही हलली. हजारदा सांगितलं. मग मनगट धरून पिरगाळायचो. बांगड्यांसकट दाबून ठेवायचो, की मग बसायची.”

“किती दिवस?”

“चित्र होईपर्यंत.”

“आणि ती रडायची तेव्हा?”

“रडताना माणूस हलतं,” तो म्हणाला. “ते मी थांबवलं होतं.”

बोकील खुर्चीत बसले. थोड्या वेळापूर्वी ते ज्या स्थिरतेचं कौतुक करत होते, ती टेबलावर आडवी पडली होती. मला वाटलं होतं की हे ऐकलं की मला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. समोरच्या पेपरवेटनं त्याचं डोकं फोडावं असं मात्र वाटलं. मी पेपरवेट उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर बंद केला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. “उषा.”

आई उंबऱ्यात उभी होती. पंचवीस वर्षांहून जास्त काळ जी पुढच्या खोलीत आली नव्हती, ती ओले हात पदराला पुसत उंबरा ओलांडून आली. हर्डीकरला तिनं ओळखलं. तो काठी शोधायला लागला.

“सासूबाई—”

तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही. टेबलाजवळ येऊन ती अक्काच्या मनगटावर वाकली. तिला जवळचं धड दिसत नव्हतं, म्हणून तिनं बोटानं चाचपलं. रंग अजून ओला होता. तिच्या बोटाला हिरवं लागलं.

“फुटल्या होत्या गं,” ती म्हणाली. “माझ्या कुमुदच्या बांगड्या फुटल्या होत्या. यानं फोडल्या.”

मग बोकीलांकडे वळून, कोर्टात बोलावं तसं मोठ्यानं आणि सावकाश तिनं सांगितलं, “वाढल्या नव्हत्या, साहेब. फोडल्या. लिहून घ्या.”

बोकीलांनी खरंच खिशातून पेन काढलं. मग कशावर लिहायचं ते त्यांना समजेना, आणि ते पेन हातात धरून नुसते उभे राहिले.

“दुसरं मनगट राहिलंय,” हर्डीकर पुटपुटला. “अर्धवट ठेवू नका. मला पाच मिनिटं द्या.”

“चालता हो,” मी म्हणाले.

तो गेला. बोकील त्याच्या मागून गेले, पण गाडीत बसले नाहीत. खिडकीतून मी पाहिलं, ते पुस्तिकांचा गठ्ठा काखेत मारून पायीच उताराला लागले होते. कलादालनाचं उद्घाटन पुढे यथास्थित झालं. नाव हर्डीकरांचंच लागलं, गाव असं एका शब्दानं बदलत नसतं. पण पुस्तिका वाटली गेली नाही आणि समारंभात बोकील दिसले नाहीत. हर्डीकर पुढच्याच वर्षी वारला. वर्तमानपत्रांनी पानं भरून लिहिलं.

चित्र माझ्याकडेच आहे. एका हातात चुडा आणि दुसरा हात उघडा, असं. मुंबईच्या संग्रहालयातून एक जण आला होता, म्हणाला दुसरंही मनगट स्वच्छ करून देतो. मी नको म्हणाले. लोकांना दोन्ही दिसू देत.

त्या दिवसानंतर आई रोज दुपारी पुढच्या खोलीत येऊन बसायची, अक्कासमोर, वाती वळत नाहीतर नुसतीच. आणि तिची भाषा बदलली. शेजारणी कुजबुजायच्या, म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणायच्या. नात्यातल्या एका लग्नात भरल्या मांडवात कुणा सवाष्णीची बांगडी तडकली आणि चारचौघी एकदम म्हणाल्या, “वाढली, वाढली.” आई खणखणीत आवाजात म्हणाली, “फुटली. कुणी फोडली ते विचारा तिला.” ती बाई खाली मान घालून उभी होती, आणि तिचा नवरा हळूच मांडवाबाहेर निघून गेला.